फिजिक्सच्या अभ्यासाचं भांडण भलत्याच मुद्द्यावर

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की दरवर्षी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, आपल्याकडे नुसती घोकंपट्टी चालते, मुलांना फिजिक्स समजतच नाही. संकल्पना शिकवा, ॲनिमेशन दाखवा, पाठांतर बंद करा. दुसरी बाजू म्हणते, ही पोट भरलेल्यांची भाषा आहे. ज्याला सीट हवी आहे त्याने फॉर्म्युले पाठ करावेत आणि हजारभर न्युमरिकल घासावेत. दोन्ही बाजूंना आपापले हुशार विद्यार्थी दाखल्याला मिळतात आणि कुणीच तसूभर हलत नाही. ज्या मुलीला आज संध्याकाळी पुस्तक उघडल्यावर नेमकं काय करायचं हे हवं असतं, तिच्या हाती या सगळ्यातून काहीच लागत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. अभ्यासाच्या वेळी डोकं कुणाचं चाललं, यावर फिजिक्स येणं न येणं ठरतं. नोट्समधलं उत्तर पाठ करणारा मुलगा आणि सुंदर व्हिडिओ बघून ‘कन्सेप्ट क्लिअर झाला’ म्हणणारा मुलगा, या दोघांना आपण एकमेकांच्या विरुद्ध उभं करतो. पण दोघांच्याही बाबतीत विचार दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो आणि यांनी तो नुसता पाहिलेला असतो. ज्या सवयी मुलाला स्वतः अंदाज बांधायला, आकृती काढायला, अडकायला आणि आपली चूक शोधायला लावतात, त्या उपयोगी. बाकीच्या तासन्‌तास केल्या तरी फार थोडं देतात.

अकरावीच्या कोणत्याही वर्गात एक गोष्ट करून बघावी. चेंडू 20 मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वीय त्वरण g 10 धरा, तो किती उंच जाईल? मुलं झटक्यात गतीचं समीकरण लिहितात, 20 मीटर हे उत्तर काढतात. आता विचारा, चेंडू हातातून सुटलाय आणि वर चाललाय, अशा मधल्या एखाद्या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत ते बाण काढून दाखवा. बऱ्याच वह्यांत दोन बाण दिसतात: खाली गुरुत्वाकर्षण आणि वर ‘हाताने दिलेलं बल’. हवेचा रोध सोडला तर तिथे बल एकच आहे, खालचं. हात तर केव्हाच मागे राहिला! पुढे विचारा, अगदी वरच्या टोकाला त्वरण किती? ‘शून्य, कारण तिथे तो थांबतो.’ त्याच मुलाने दोन मिनिटांपूर्वी संपूर्ण प्रवासासाठी a = −10 लिहिलेलं असतं, आणि वरचं टोकही त्या प्रवासातच येतं. त्याने समीकरण बरोबर वापरलं, उत्तर बरोबर आणलं, आणि आपण काय लिहिलंय याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. 1985 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या हॅलून आणि हेस्टेनिस या संशोधकांनी दाखवून दिलं की, कॉलेजचा मेकॅनिक्सचा कोर्स पुरा केलेल्या मुलांच्या मनातही बल आणि गती यांच्याबद्दलच्या बाळबोध कल्पना तशाच शाबूत असतात. हार्वर्डच्या एरिक मॅझुर यांना वाटलं, आपल्या विद्यार्थ्यांचं असं नसणार. त्यांनी तसेच प्रश्न वर्गात दिले, तेव्हा एका मुलीने विचारलं की, उत्तरं तुम्ही शिकवलंय त्याप्रमाणे लिहायची की आम्ही एरवी विचार करतो त्याप्रमाणे? या प्रश्नाने मॅझुर यांची शिकवण्याची पद्धतच बदलून टाकली. ‘भरपूर न्युमरिकल सोडवा, समज आपोआप येते’ असं म्हणणाऱ्यांनी कोरियातला 2002 सालचा एक अभ्यास जरूर डोळ्यांखालून घालावा. किम आणि पाक या दोघांनी तपासलेल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात येण्याआधी 300 ते 2,900 गणितं सोडवलेली होती, सरासरी सुमारे 1,500. सूत्रं आणि आकडेमोड त्यांना छान जमत होती. तरीही बलाबद्दलचे नेहमीचे गैरसमज त्यांच्यात तसेच होते, आणि सोडवलेल्या गणितांची संख्या व समज यांचा फारसा संबंध आढळला नाही.

मग संकल्पनावाल्यांचं खरं ठरलं का? तसंही नाही. घोकंपट्टीच्या जागी ते जे आणतात ते बहुतेक वेळा चांगलं समजावून सांगणं असतं. शिक्षक उत्तम, चित्रं हलती, भाषा सोपी. मूल ऐकत जातं, माना डोलावतं, आणि खूप समजल्याची भावना घेऊन उठतं. ही भावना किती फसवी असते? 2019 मध्ये हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना अनुभवी शिक्षकाने नीटनेटकं व्याख्यान दिलं. उरलेल्या निम्म्यांना तोच मजकूर हातात देऊन आधी स्वतः झगडायला लावलं. नंतरच्या चाचणीत झगडणाऱ्यांना जास्त आलं. मात्र ‘आज आपण किती शिकलो असं वाटतं?’ या प्रश्नाला त्यांनीच कमी गुण दिले. व्याख्यान ऐकलेल्यांना आपण पुष्कळ शिकलो असं वाटत होतं. ज्या सवयीने खरोखर येतं ती करताना आपल्याला काही येत नाही असं वाटत राहतं, ही फिजिक्सच्या अभ्यासातली सगळ्यांत कठीण बाब आहे. सोळा वर्षांच्या मुलाला ती कुणीतरी आधीच सांगायला हवी, नाहीतर तो साहजिकच सोप्या वाटेला लागतो.

आता पाठांतराच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला 54 सेकंद. तिथे संवेगाच्या अक्षय्यतेवर चिंतन करत बसणाऱ्याची गाडी सुटते. ज्याला sin 30 आठवायला पाच सेकंद लागतात त्याच्या डोक्यात मूळ प्रश्नाला जागाच उरत नाही. एकके, मिती, मूळ सूत्रं, त्रिकोणमितीतल्या नेहमीच्या किमती तोंडावर असायलाच हव्यात, यात मला तिळमात्र शंका नाही. ‘पाठांतर बंद करा’ म्हणणारे मुलांचं नुकसान करतात. पण तोंडावर येण्याचा मार्ग कोणता? बहुतेक मुलं नोट्स पुन्हा पुन्हा वाचतात, वर हायलायटर फिरवतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. उतारा वारंवार वाचलेल्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. आठवड्याने मात्र ज्यांनी तो न बघता आठवून लिहिला होता, ते पुष्कळ पुढे गेले. तेव्हा पाठांतरही पुस्तक मिटूनच करावं. धडा वाचून झाला की कोरा कागद घ्यायचा, आठवेल ती सूत्रं लिहायची, प्रत्येकासमोर ते कधी लागू पडत नाही तेही लिहायचं, आणि मगच पुस्तक उघडून तपासायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ‘कधी लागू पडत नाही’ हा रकाना वगळू नये. त्वरण बदलतं असताना गतीची तीन समीकरणं वापरण्याची चूक तिथेच पकडली जाते.

क्लासच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनाही एक इतिहास आठवून द्यावासा वाटतो. एकोणिसाव्या शतकातलं केंब्रिज हे खासगी कोचिंगचं माहेरघर होतं. मॅथेमॅटिकल ट्रायपॉस या परीक्षेत वरचा क्रमांक मिळवायचा तर पैसे मोजून कोच लावावाच लागे. विल्यम हॉपकिन्सच्या तालमीत स्टोक्स, केल्विन आणि मॅक्सवेल तयार झाले. एडवर्ड राउथच्या तालमीत रॅले आणि जे. जे. थॉमसन. एकट्या राउथच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर, म्हणजे ट्रायपॉसमध्ये पहिले आलेले विद्यार्थी, निघाले. आपल्या दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये याच परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, आणि ‘रँग्लर’ ही पदवी महाराष्ट्रात त्यांच्या नावाला कायमची चिकटली. म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धांत मांडणारा मॅक्सवेल आणि इलेक्ट्रॉन शोधणारा थॉमसन, दोघेही कोचिंग क्लासचे विद्यार्थी. मग कोचिंगने भौतिकशास्त्र मरतं असं कसं म्हणायचं?

पण त्या क्लासात काय चालत होतं ते बघा. गट लहान. आठवड्याला गणितांचा कागद मिळे, मुलांनी तो आपल्या खोलीवर बसून सोडवायचा, लिहून आणायचा, आणि कोच तो तपासत असे. घाम आधी मुलाचा गळे, कोचचं उत्तर नंतर समोर येई. शिवाय परीक्षेत येणारे प्रश्न कुणाच्या नोट्समध्ये सापडतील अशी खात्री नसे. केंब्रिजमधल्याच स्मिथ पारितोषिकाच्या 1854 च्या परीक्षेत स्टोक्सने जे प्रमेय सिद्ध करायला दिलं ते तोवर छापूनच आलं नव्हतं. आज ते स्टोक्सचं प्रमेय म्हणून शिकवलं जातं, आणि परीक्षेला बसलेल्यांत मॅक्सवेल होता. आपल्याकडच्या टेस्ट सिरीजमध्ये नेमका हा क्रम उलटा होतो. दोनशे मुलांच्या हॉलमध्ये सर फळ्यावर गणित सोडवतात, मुलं उतरवून घेतात, आणि चाचणीत आकडे बदलून तेच येतं. ट्रायपॉसवरही पुढे टीका झाली, गणिताची शर्यत झाली म्हणून 1909 नंतर क्रमवारी जाहीर करणंच बंद केलं गेलं, आणि ती टीका रास्त होती. तरी त्या पद्धतीने मुलाला कोऱ्या कागदासमोर एकटं बसवलं, हे तिचं श्रेय नाकारता येत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत भक्कम आक्षेप वेगळाच आहे, आणि तो अभ्यासावर संशोधन करणाऱ्यांकडूनच येतो. नवशिक्याला अवघड गणित देऊन ‘झगड’ म्हणणं ही क्रूरता आहे, असं ते म्हणतात. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी 1980च्या दशकापासून दाखवत आलेत की, सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांना नुसती गणितं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा लवकर येतं. डोक्याची एका वेळी पेलण्याची ताकद मर्यादित असते. वाट शोधण्यातच ती संपली तर शिकायला काही उरत नाही. हे मला पटतं. ज्या मुलाने घर्षणाचं एकही गणित पाहिलेलं नाही त्याला तासभर भिंतीवर डोकं आपटायला लावणारा शिक्षक चुकतो. मात्र उदाहरण अभ्यासणं म्हणजे वाचून पुढे जाणं नव्हे. 1989 मध्ये मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी न्यूटनच्या नियमांवरची सोडवलेली उदाहरणं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला सांगितलं. ज्यांना पुढे गणितं जमली ते जवळजवळ प्रत्येक पायरीला थांबत होते: इथे उणे का आलं, हे बल घेतलंच का, दोरी ताणलेली नसती तर काय. ज्यांना जमली नाहीत ते ‘हं, ठीक’ म्हणत खाली सरकत होते, आणि आपल्याला समजलं नाही हे त्यांच्या फारसं लक्षातही येत नव्हतं.

म्हणून मी मुलांना सांगते, सोडवलेलं उदाहरण पेन हातात घेऊन वाचा, ओळीओळीला कारण लिहा, मग झाकून कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. तिथे अडकलात तर सगळं उघडू नका, अडलेली एकच ओळ बघा आणि पुन्हा झाका. न्यूटन देकार्तची भूमिती वाचायला बसला तेव्हा दोन-चार पानांवर अडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, थोडा पुढे गेला, पुन्हा अडला, पुन्हा सुरुवात, असं करत त्याने ती संपवली, अशी हकिकत त्याच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवली आहे. अडणं हा अभ्यासातला बिघाड मानला की मूल लाजतं आणि उत्तराकडे धावतं. तो अभ्यासाचाच भाग मानला की धीर येतो.

उत्तर आल्यावर थांबू नये, ही दुसरी सवय आपल्याकडे जवळजवळ नाहीच. गुळगुळीत उतारावरून ठोकळा घसरतोय, त्याचं त्वरण g sinθ की g cosθ? अर्धी मुलं आठवायचा प्रयत्न करतात. आठवायची गरज काय? उतार अगदी आडवा करा, म्हणजे θ शून्य. ठोकळा जागचा हलणार नाही, त्वरण शून्य हवं. sin 0 शून्य आहे, cos 0 एक आहे. उतार सरळ उभा करा, ठोकळा मोकळा पडतो, त्वरण g हवं, आणि sin 90 एक आहे. संपला प्रश्न. टोकाच्या स्थिती तपासणं, एकके जुळतात का बघणं, आकडा शहाण्यासारखा आहे का विचारणं (रिक्षाचं त्वरण 40 आलं तर काहीतरी चुकलंय) हे 54 सेकंदांच्या परीक्षेतही चालतं. उलट, ज्याला ही सवय आहे त्याचे चारपैकी दोन पर्याय गणित न करताच गळतात.

गणितं कोणत्या क्रमाने सोडवायची, याबद्दल वादात कुणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान तिथेच होतं. धडा संपला की त्याच धड्याची तीस गणितं. ‘कार्य आणि ऊर्जा’ धड्याखालचं गणित ऊर्जेने सुटणार हे शीर्षकच सांगून मोकळं होतं. कोणतं तत्त्व लावायचं हा फिजिक्समधला मुख्य निर्णय, तोच मुलाला कधी घ्यावा लागत नाही. परीक्षेत मात्र धड्याचं नाव छापलेलं नसतं. 2007 मध्ये रोहरर आणि टेलर यांनी घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. एका प्रकारची सगळी गणितं एकत्र सोडवणाऱ्यांची सरावात 89 टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला, दुसरा 63 वर होता. सराव गुळगुळीत चालला म्हणजे अभ्यास चांगला झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चार आकडे भिंतीवर लावावेत. घरी करायला सोपं आहे: रोज आजच्या धड्याची चार गणितं, आणि मागच्या तीन महिन्यांतल्या कुठल्याही धड्यांची तीन, चिठ्ठ्या टाकून. ती तीन सोडवण्याआधी तत्त्व कोणतं आणि का, हे एका ओळीत लिहायचं. चुकलं तर वेगळ्या वहीत चूक कोणत्या जातीची होती ते लिहायचं: आकृती चुकली, तत्त्व चुकलं, चिन्ह चुकलं की आकडेमोड. महिन्याभरात आपलं मूल नेमकं कुठे घसरतं हे पालकालाही दिसतं.

‘हे सगळं शहरातल्यांचे चोचले आहेत’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. लातूर पॅटर्नला नावं ठेवणं पुण्या-मुंबईत सोपं आहे. मराठवाड्यातल्या खेड्यांतली, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलं शिस्त, मेहनत आणि वारंवार चाचण्यांच्या बळावर मेडिकल-इंजिनीअरिंगला पोचली, हे त्या पॅटर्नचं मोठं काम आहे. वारंवार चाचणी ही सवय तर वर सांगितलेल्या संशोधनाच्या बाजूचीच आहे. माझा आग्रह एवढाच की, त्या चाचण्यांत धडे मिसळावेत, प्रत्येकीत एक न पाहिलेला प्रश्न असावा, आणि उत्तरं वाटण्याआधी मुलांना एक रात्र द्यावी. याला खर्च कसला? कोरा कागद लातूरमध्येही तेवढ्याच किमतीला मिळतो.

जिथे खर्चाची सबब सगळ्यांत जास्त दिली जाते त्या प्रॅक्टिकलबद्दल बोलून थांबते. बारावीच्या शंभर गुणांतले 30 त्याला आहेत, आणि अनेक कॉलेजांत ते जर्नल उतरवण्यात जातात. लंबकाच्या प्रयोगात g जवळपास प्रत्येकाचा 9.8 येतो, कारण उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून बसवलेली असतात. आता एक दोरा, एक दगड आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या. मुलाने दोऱ्याची लांबी दगडाच्या गाठीपर्यंत मोजली, 1 मीटर. दगडाचा मध्य गाठीच्या 3 सेंटिमीटर खाली आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. 20 दोलनांना 40.7 सेकंद लागले आणि g आला 9.53. खोटं रीडिंग लिहायच्या ऐवजी त्याला आणखी चार लांबींना मोजायला सांगा आणि दोलनकाळाच्या वर्गाचा आलेख लांबीसमोर काढायला लावा. रेषा सरळ येते, पण शून्यातून जात नाही. लांबीचा अक्ष ती शून्याच्या डावीकडे 3 सेंटिमीटरवर छेदते. चढावरून g काढला तर तो 9.8 च्या आसपास येतो, आणि राहून गेलेले 3 सेंटिमीटर कागदावर दिसतात. जर्नल उतरवलेल्या मुलाला हे कधीच भेटणार नाही, कारण त्याची रेषा पहिल्यापासूनच शून्यातून गेलेली असते. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत व्याख्या विचारायचं सोडून प्रत्येकाला फक्त एवढंच विचारावं की, तुझी रेषा शून्यातून का गेली किंवा का नाही गेली, आणि त्याला 30 पैकी 10 गुण ठेवावेत. बोर्डाला यासाठी ना नवी इमारत लागेल, ना नवं पाठ्यपुस्तक. पुढच्या फेब्रुवारीतल्या प्रॅक्टिकलपासूनच हे करता येईल.